कोळशाच्या आड लपलेली डीपी

एप्रिल २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरूड पट्ट्यात, आमच्या गावशिवारात एक डीपी, म्हणजे शेतीपंपांना वीज देणारा खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि बारा दिवस तशीच खांबावर टांगून राहिली. या बारा दिवसांत दोन निवेदनं दिली गेली, एक रास्ता रोको झाला आणि एका लाइनमनच्या कानाखाली बसली. या सगळ्यात लोक कोळशाबद्दल बोलले, केंद्राबद्दल बोलले, राज्याबद्दल बोलले. डीपीबद्दल कोणी बोललं नाही. मीही नाही. म्हणून हे प्रकरण लिहून काढतो आहे.

आधी माझं सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला हवं तेवढं वजा करून घेता येईल. तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्स, लॅमिनेशन. वर सांगितलेली दोन्ही निवेदनं माझ्याच संगणकावर टाइप झाली, एक सकाळी अकराला आणि दुसरं दुपारी दीडला. आणि त्याच डीपीवर आमच्या दोघा भावांची संत्र्याची बाग आहे. त्यामुळे मी तटस्थ वगैरे नाही.

त्या रात्रीचं आधी.

संत्र्याचा आंबिया बहार एप्रिलात नाजूक असतो. जानेवारी-फेब्रुवारीत फूल धरलेलं, आता फळ लिंबाहूनही लहान. पारा चाळिशीच्या वर गेला आणि पाणी चुकलं की झाड फळ टाकून देतं. सकाळी बागेत गेलं की बुडाशी हिरव्या गोट्या पडलेल्या दिसतात. त्या वर्षीचा मार्च तर देशात १२२ वर्षांतला सगळ्यात उष्ण मार्च होता. आमच्याकडे पाणी बोअरचं, आणि वरूड-मोर्शीत भूजल किती खाली गेलंय हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. पाच अश्वशक्तीच्या मोटारीने पाणी वर येत नाही, म्हणून कागदावर पाचची मोटार आणि बोअरमध्ये साडेसातची किंवा दहाची, ही या भागातली रीत आहे.

आमच्या शेती फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शिवाराकडे येणाऱ्या मुख्य लाइनला, त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. रात्री अकराच्या सुमारास लाइन गेली. वेळापत्रकातलं जाणं नव्हतं, ते तातडीचं भारनियमन होतं. पावणेदोनला आली. आता इथे काय होतं ते नीट पाहा, कारण सगळं प्रकरण या एका मिनिटात आहे. रात्री वावरात साप-विंचू, रानडुक्कर, त्यामुळे जागत बसायला कोणी तयार नसतं. प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो लावून ठेवलेला असतो. लाइन आली रे आली की मोटार आपोआप सुरू. आमची डीपी ६३ केव्हीएची. पाच अश्वशक्तीचे तेरा पंप तिने कसेबसे ओढावेत. तिच्यावर होते एकवीस, त्यातले निम्मे मोठे, आणि चार तर नुसते चोरीचे आकडे टाकलेले. मोटार सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. एकवीस मोटारींनी तो एकाच क्षणी मागितला.

फ्यूज उडायला हवा होता. उडाला नाही, कारण फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली होती. ती कोणी घातली हे सगळ्यांना माहीत आहे आणि मी इथे लिहिणार नाही, कारण वर्षभरात ती आम्ही आळीपाळीने घालतो. व्होल्टेज खाली पडलं, मोटारी घुरघुरल्या, डीपीतलं तेल उकळलं आणि खालच्या बाजूने गळायला लागलं. बाजूच्या वावरात राखणीला असलेल्या पोराने मोठा आवाज ऐकला. सकाळी जाऊन पाहिलं तर खांबाखालचं गवत काळं आणि तेलाचा वास.

म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या होत्या. पहिली, वीज कमी होती म्हणून वरून फीडर बंद केला. दुसरी, आमची डीपी जळाली. पहिलीचा उपाय दिल्ली-मुंबईत होता. दुसरीचा उपाय होता तालुक्याला, महावितरण कंपनीच्या गोदामात किंवा दुरुस्तीच्या ठेकेदाराकडे. पहिली दर दिवशी काही तासांची, दुसरी चोवीस तासांची. पण गावाच्या तोंडी दोन्हीला एकच शब्द: ‘लाइन नाई’. आणि त्या महिन्यात लाइन का नाही, याचं उत्तर टीव्हीवर तयार होतं.

सकाळी आम्ही सात-आठ जण ३३ केव्हीच्या उपकेंद्रावर गेलो. तिथे एकटा ऑपरेटर, पोरगेलासा, ठेकेदाराकडून लागलेला. रात्रभर जागलेला.

“लाइन काऊन काढली बे रात्री?”

“मी कायले काढू भाऊ? वरून फोन येते, मी फीडर काढतो. वरून फोन येते, मी घेतो.”

“वरून म्हंजे कोठून?”

त्याने लॉगशीट पुढे केली. वेळ लिहिलेली होती, ‘वरिष्ठांच्या दूरध्वनी सूचनेनुसार’ असं लिहिलेलं होतं, खाली त्याची सही. वरिष्ठ म्हणजे कोण, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. खरं तर साखळी अशी: ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र ग्रिडची वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास राहावी म्हणून किती भार कमी करायचा ते सांगतं, ते मंडळ, विभाग करत खाली येतं आणि शेवटी या पोराच्या मोबाइलवर पोचतं. देशाच्या, राज्याच्या सगळ्या निर्णयांचं शेवटचं टोक म्हणजे एक बटन, आणि त्या बटनावर महिन्याला तुटपुंजा पगार घेणारं एक बोट. शिव्या त्यालाच बसल्या. मोटरसायकलने जाऊन गाठता येईल असं सरकार तेवढंच होतं.

डीपी जळाल्याचं आम्ही त्याला तोंडी सांगितलं. तो म्हणाला, लाइनमनला सांगा. लाइनमन म्हणाला, ऑफिसात सांगा. ऑफिसातल्या बाबूने चष्म्यावरून पाहिलं आणि एक वाक्य बोलला. ते वाक्य नंतर आमच्यापैकी सगळ्यांनी चार ठिकाणी हसत हसत सांगितलं:

“राजेहो, कोळसाच नाई, तं डीपी आनून काय करता?”

आम्हीही हसलो. पटलंच ते आम्हाला. या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक कोणती असं कोणी विचारलं तर मी हे हसणं सांगेन.

आता कोळशाचं. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. संकट खरं होतं. २९ एप्रिलला देशाची मागणी २ लाख ७ हजार मेगावॉटवर गेली, तोवरचा उच्चांक. राज्याची मागणी २८ हजारांच्या आसपास, तूट अडीच-तीन हजारांची सांगितली जात होती. कोळशाच्या वाघिणींना वाट मिळावी म्हणून रेल्वेने शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द केल्या. युक्रेनच्या युद्धाने आयात कोळसा महागला, त्यामुळे किनाऱ्यावरची, आयात कोळशावर चालणारी केंद्रं हात आखडून बसली. शेवटी मे महिन्यात केंद्राला वीज कायद्याचं कलम ११ वापरून त्यांना चालवायला सांगावं लागलं. राज्य मंत्रिमंडळाने गुजरातेतल्या मुंद्र्याहून ७६० मेगावॉट घ्यायला मंजुरी दिली.

पण दोष कोणाचा? इथे गंमत सुरू होते. राज्यात महाविकास आघाडीचं सरकार. ऊर्जामंत्री नितीन राऊत नागपूरचे. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस नागपूरचे. आधीच्या सरकारातले ऊर्जामंत्री चंद्रशेखर बावनकुळे नागपूर जिल्ह्यातल्या कामठीचे. म्हणजे राज्याच्या अंधारावरचं भांडण एकाच जिल्ह्यातली तीन माणसं करत होती, आणि त्या जिल्ह्यात कोराडी, खापरखेडा, मौदा ही औष्णिक केंद्रं, शेजारी चंद्रपूर, तिकडे तिरोडा, आमच्याकडे नांदगाव पेठ. विदर्भ राज्याला वीज देतो आणि विदर्भच अंधारात बसतो, हे वाक्य आमच्याकडे पोरांना पाढ्यासारखं येतं. आमच्या तालुक्याला त्याला आणखी एक शेपूट आहे: नांदगाव पेठच्या १,३५० मेगावॉटच्या केंद्राला पाणी जातं ते आमच्याच मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचं. सिंचनाचं पाणी कारखान्याला का, म्हणून ते केंद्र उभं राहत असताना आंदोलनं झाली, कोर्टकज्जे झाले. म्हणजे धरण आमचं, धूर अमरावतीचा आणि लोडशेडिंग पुन्हा आमचं. हे बोलायला छान वाटतं. पण ग्रिडला गाव नसतं. वीज तारेत शिरली की ती वरूडची की वसईची हे कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे ‘आमची वीज’ हा युक्तिवाद निवडणुकीत चालतो, उपकेंद्रावर चालत नाही.

राज्याचं म्हणणं असं की केंद्र कोळसा देत नाही, दिला तर तो आणायला रेक, म्हणजे मालगाडी, देत नाही. केंद्राच्या बाजूचं म्हणणं असं की राज्याने कोळशाचे पैसे थकवले, वेळेवर उचल केली नाही, पावसाळ्याआधी साठा केला नाही. वीज हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत, ३८ व्या नोंदीत. रेल्वे केंद्राची, कोल इंडियाही केंद्राची, वितरण राज्याचं. म्हणजे प्रत्येकाकडे बोट दाखवायला दुसरा एक असतोच. एवढंच कशाला, रेल्वे, कोळसा आणि खाण या तिन्ही खात्यांचं राज्यमंत्रिपद तेव्हा एकाच माणसाकडे होतं, आणि तो माणूस जालन्याचा: रावसाहेब दानवे. कोळसा आणि वाघीण एकाच टेबलावर, टेबलापलीकडचा माणूस मराठी, तरी वाघीण आणि कोळसा यांची गाठ पडत नव्हती.

माझं मत विचाराल तर दोघंही अर्धं खरं बोलत होते. २०२१-२२ मध्ये देशात कोळसा विक्रमी निघाला, ७७ कोटी टनांहून जास्त. म्हणजे खाण रिकामी नव्हती, वाहतूक तोकडी पडत होती. हा दोष राज्याच्या अंगावर टाकता येत नाही. पण कोळशाचे पैसे थकले होते हेही खरं, आणि तेवढ्यावर राज्याने दिल्लीकडे बोट दाखवून गप्प बसणं बरोबर नव्हतं.

हेही सांगून टाकतो की खुर्च्या फिरल्या की वाक्यंही फिरतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये कोळसा कमी म्हणून राज्यात भारनियमन झालं, तेव्हा दिल्ली आणि मुंबई दोन्हीकडे भाजप होता. त्या वेळी केंद्राकडे बोट दाखवायची सोय नव्हती, मग पाऊस आणि खाणी सापडल्या. त्याआधी २००५ पासून पुढची काही वर्षं तर ग्रामीण भागात दहा-बारा तासांचं भारनियमन चाललं, तेव्हा दोन्हीकडे काँग्रेस आघाडी; मग दोष मागच्या सरकारने प्रकल्प उभे केले नाहीत याचा. आणि त्या मागच्या, युतीच्या सरकारचं काय, तर एन्रॉन कंपनीचा दाभोळचा वीज प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा १९९५ च्या निवडणुकीत झाली आणि १९९६ मध्ये त्याच प्रकल्पाशी नवा करार झाला. जून २०२२ अखेर पुन्हा सरकार बदललं आणि ऊर्जा खातं फडणवीसांकडे आलं. ज्यांना माहिती विचारली जायची ते विचारणारे झाले आणि उलट.

परत गावात येऊ.

पाचव्या दिवशी निवेदनं निघाली. सकाळी एका गटाचे कार्यकर्ते आले. शीर्षक: ‘राज्य शासनाच्या नाकर्तेपणामुळे शेतकऱ्यांवर लादलेले भारनियमन तात्काळ बंद करणेबाबत’. दुपारी दुसऱ्या गटाचे आले. शीर्षक: ‘केंद्र शासनाने महाराष्ट्राचा कोळसा पुरवठा सुरळीत करणेबाबत’. मी दुसऱ्यासाठी पहिलंच उघडलं आणि त्यातले शब्द बदलले. सवय असते तशी. ‘संत्रा उत्पादक शेतकरी देशोधडीला लागला आहे’ हा परिच्छेद दोन्हींत जसाच्या तसा राहिला, ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील’ हेही. एकाखाली अठरा सह्या, दुसऱ्याखाली तेवीस. त्यात सहा नावं दोन्हीकडे होती. त्यात माझा भाऊ होता.

दोन्हींत डीपीचा क्रमांक नव्हता. कुठल्या फीडरवरची, किती केव्हीएची, कधी जळाली, काहीच नव्हतं. तहसीलदारांनी दोन्ही निवेदनं घेतली, फोटो काढला, ‘वरिष्ठांकडे पाठवतो’ म्हणाले. पाठवलीही असतील. ज्या निवेदनात मागणी दिल्लीकडे आहे ते तालुक्यातला कोणता अधिकारी निकाली काढणार? ती निवेदनं उत्तर मिळू नये अशीच लिहिलेली होती, असं आता वाटतं. ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला प्रश्नच विचारायचा नाही. नेत्याला ते सोयीचं, कारण संकट मोठं राहतं. कंपनीला सोयीचं, कारण जळालेली डीपी राष्ट्रीय संकटात मिसळून जाते. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही सोयीचं होतं, कारण डीपीचा विषय निघाला असता तर एकवीस पंप, चार आकडे आणि जाड तार हेही निघालं असतं.

त्याच संध्याकाळी लाइनमनचं झालं. तो वेगळ्याच फॉल्टसाठी आला होता, खांबावर जंपर टाकून खाली उतरला. दोन-तीन जणांनी घेरलं. “तुमच्या डीपीवर थकबाकी हाये, साहेबाइनं सांगतलं, आंधी भरा अन् मंग डीपी न्या” असं तो म्हणाला, आणि एकाने दिली ठेवून. मग कंपनीकडून कलम ३५३ लावतो, पोरगा ठेकेदाराचा की कंपनीचा, सरकारी कामात अडथळा धरतील की नाही, अशी रात्री अकरापर्यंत ठाण्यात चर्चा. सरपंचांनी मधे पडून मिटवलं. मारणारा आणि मार खाणारा दोघंही एकाच बारावीच्या वर्गातले. त्या पोराच्या वडिलांचं वावरही बाजूच्याच डीपीवर आहे.

पण त्या पोराने एक उपयोगाची गोष्ट बोलून टाकली होती: थकबाकी. इथे प्रकरण परत आपल्यावर उलटतं, म्हणून जरा थांबतो.

राज्यात भारनियमन सगळ्यांना सारखं नसतं. फीडरची गळती आणि वसुली पाहून त्याला ‘ए’पासून ‘जी’पर्यंत गट दिलेला असतो; जीमध्येही जी-१, जी-२, जी-३. तूट आली की आधी खालचे गट. २०२२ मध्येही सांगितलं गेलं ते हेच: ज्या फीडरवर चोरी आणि थकबाकी जास्त, तिथे भारनियमन. ऐकायला न्याय्य वाटतं. पण फीडर म्हणजे जातच झाली. ज्याने बिल भरलं तोही त्याच अंधारात, कारण तो त्या तारेवर जन्मला. आमच्या शिवारात एक निवृत्त मास्तर दर तिमाहीचं बिल न चुकता भरतात. त्यांची लाइन आकडेवाल्याच्या आधी एक सेकंदही येत नाही.

आणि शेतकरी बिल का भरत नव्हता? २००४ च्या निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतीपंपांची वीज मोफत केली, निवडणूक झाली आणि विलासराव देशमुख सरकारने २००५ मध्ये ती बंद केली. तेव्हापासून गावाला एक धडा मिळाला: थांबलं की माफ होतं. त्यानंतरच्या प्रत्येक सवलत योजनेने तो पक्का केला. मार्च २०२२ मध्ये, म्हणजे आमची डीपी जळायच्या काही आठवडे आधी, विधानसभेत घोषणा झाली होती की पुढचे तीन महिने शेतीपंपांची वीज तोडणार नाही. दुसरीकडे बिल यायचं ते मीटरचं वाचन न घेता, अश्वशक्तीवर, सरासरीवर. आठ तास द्यायचे ठरलेले, मिळायचे चार, बिल पूर्ण. शेतीचा वापर फुगवून दाखवला जातो आणि खरी गळती त्याच्याआड जाते, ही शंका राज्याच्या वीज नियामक आयोगानेही तपासून पाहिलेली आहे. मग भरायला हात कसा जाईल?

गावाने भरलं नाही, वितरण कंपनीकडे आलं नाही. वितरणाने निर्मितीला दिलं नाही. निर्मितीने कोळशाला दिलं नाही. नुसत्या शेतकऱ्याचंच नाव घेऊ नका, त्या साखळीत ग्रामपंचायतीचे पथदिवे आणि पाणीपुरवठ्याचे पंपही आहेत, सरकारी खाती आहेत. ज्या सरपंचांनी केंद्राविरुद्ध निवेदनावर पहिली सही केली, त्यांच्याच पंचायतीचं पथदिव्यांचं बिल कित्येक वर्षांचं बाकी होतं. मी टाइप करतानाच ते बोलून गेले. २००५ मध्ये जुन्या वीज मंडळाचे निर्मिती, पारेषण, वितरण असे तुकडे झाले ते जबाबदारी स्पष्ट व्हावी म्हणून. आमच्या अनुभवात फायदा असा झाला की आता टोलवायला आणखी दोन कार्यालयं मिळाली.

एवढं सगळं असूनही एक गोष्ट वेगळी काढायला हवी होती. आयोगाच्या कृती मानकांनुसार, म्हणजे कंपनीने कोणतं काम किती वेळात करायचं त्या नियमांनुसार, ग्रामीण भागात जळालेली डीपी ४८ तासांत बदलून द्यायची असते. नाही दिली तर तासाला ५० रुपये भरपाई. कोळसा असो नसो. मानकात कुठेही ‘देशात कोळसा असेल तर’ असं लिहिलेलं नाही. ‘आधी थकबाकी’ हे आम्हाला कोणी कागदावर लिहून दिलं नाही. मागितलं असतं तर दिलंही नसतं. थकबाकीबद्दल नोटीस द्या, जोडणी तोडा, तो रस्ता कायद्यात आहे. पण एका डीपीवरच्या मास्तरांसकट एकवीस जणांना एकदम ओलीस ठेवणं हा रस्ता कायद्यात नाही.

हे मला सहाव्या दिवशी सापडलं. मोठी अक्कल चालवली असं नाही. माझ्या केंद्रात एका बाईंचं घरगुती बिलाचं प्रकरण चालू होतं, त्यासाठी मानकांची प्रत उघडली आणि खालच्या तक्त्यात रोहित्र हा शब्द दिसला. डीपीला मराठीत रोहित्र म्हणतात हे माहीत असूनही त्या क्षणापर्यंत डोक्यात जोडलं गेलं नव्हतं. मग वावरात जाऊन खांबावरचा क्रमांक पाहिला. अर्धा पुसलेला. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वाचला. आणि कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर फोन लावून तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक आला. मग आणखी तिघांना लावायला लावला.

आणि तेव्हा कळलं की आधीचे पाच दिवस गेले. ४८ तासांचं घड्याळ तक्रार नोंदली तेव्हापासून चालतं. पाच दिवसांत आम्ही ऑपरेटरला शिव्या दिल्या, बाबूच्या विनोदावर हसलो, तहसीलदारांसोबत फोटो काढला, लाइनमनला मारलं. तक्रार केली नाही. एकवीस पंप आणि एकही तक्रार क्रमांक नाही. कंपनीच्या नोंदीत त्या पाच दिवसांत आमच्या शिवारात सगळं सुरळीत होतं.

त्यानंतर उपविभागीय कार्यालयात अर्ज दिला, एक पानाचा. डीपी क्रमांक, फीडर, क्षमता, जळाल्याची तारीख, तक्रार क्रमांक, मानकाचा उल्लेख, भरपाईची मागणी. कोळसा हा शब्द नाही, कुठल्याही सरकारचं नाव नाही. शाई-शिक्क्याची पोच घेतली. अर्जावर सह्या घ्यायला गेलो तर दोन्ही गटांचे लोक म्हणाले, यात काही दम नाही. एकाने विचारलं, “यात सायबाचं नाव नाई टाकलं?” चार सह्या झाल्या.

बाराव्या दिवशी डीपी मिळाली. अर्जामुळे मिळाली की यादीत नंबर लागला म्हणून, ते मी सांगू शकत नाही. आणायला ट्रॅक्टर आमचाच, डिझेल आमचं, वर्गणी माणशी तीनशे. वाहतूक कंपनीने करायची असते हेही त्या मानकांच्या वेळीच वाचलं होतं, पण झाडं सुकत असताना तेवढ्यासाठी भांडायची कोणाची तयारी नव्हती, माझीही. डीपी चढली तेव्हा फोटो काढायला दोन्ही गट आले. एकाच्या बॅनरवर ‘पाठपुराव्याला यश’, दुसऱ्याच्याही. संध्याकाळी सहाला चार्ज झाली. लाइनमन तोच, मार खाल्लेला. त्याने फ्यूजच्या पेटीत नवी बारीक तार घातली आणि आमच्याकडे पाहून म्हणाला, “आता राहू द्यान बाप्पा हे.” आठवडाभर राहिली.

आमच्या बागेत त्या बारा दिवसांत साधारण तिसरा हिस्सा फळ गळालं. त्यातलं किती उन्हाने, किती भारनियमनाने आणि किती डीपीने, याचा हिशेब होत नाही. पण ज्यांच्या वावराला बाजूच्या डीपीवरून पाणी मिळत होतं, म्हणजे ज्यांना फक्त भारनियमन भोगावं लागलं, त्यांची गळ आमच्यापेक्षा बरीच कमी होती. कोळशाने मारलं ते त्यांनाही मारलं. आम्हाला वरचं मारलं ते दुसऱ्या कशाने.

भरपाईचा हिशेब मी केला तो असा: सहाव्या दिवशी सकाळी दहापासून बाराव्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत १५२ तास, त्यातून ४८ वजा, उरले १०४, गुणिले ५०, म्हणजे माणशी ५,२०० रुपये. पहिल्याच सकाळी दहाला फोन लावला असता तर ११,२०० झाले असते. एकवीस जणांनी लावला असता तर आकडा असा झाला असता की पुढच्या वेळी गोदामात डीपी शोधणं कंपनीला स्वस्त पडलं असतं. आकडे टाकणारे चार सोडले तरी सतरा उरतात.

चौघांचे दावे आधी कंपनीच्या अंतर्गत कक्षात गेले, मग ग्राहक गाऱ्हाणी निवारण मंचाकडे. कंपनीचं उत्तर आलं त्यात पहिलं कारण अनधिकृत भार, दुसरं राज्यातली अभूतपूर्व वीजटंचाई. म्हणजे कोळसा तिथेही आलाच. सुनावणीला मी सोबत गेलो होतो. टंचाईचा आणि रोहित्र बदलण्याचा संबंध काय, एवढंच विचारलं गेलं आणि कंपनीचा माणूस कागद चाळत राहिला. अनधिकृत भाराचं मात्र आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. तुमची जोडणी अधिकृत आहे ना, तक्रार तुमच्या नावाने आहे ना, एवढ्यावर ते निभावलं.

दोघांना भरपाई मंजूर झाली. रक्कम हातात आली नाही, बिलात वळती झाली. एक मास्तर, त्यांचं बिल पुढच्या काही तिमाह्यांसाठी उणे दिसायला लागलं आणि ते कागद घेऊन मला दाखवायला आले, काही चुकलं तर नाही ना म्हणून. दुसऱ्याची थकबाकी त्या प्रमाणात कमी झाली, पण मुळात ती एवढी होती की त्याच्या लक्षातही आलं नाही. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं चालू बिल सरकारच भरतं, त्यामुळे आता तो बिलाचा कागद उघडतही नाही.

उरलेल्या दोघांचे दावे परत आले. ग्राहक म्हणून कागदावर जे नाव आहे तो माणूस अर्जदार नाही, असं कारण. त्यातला एक मी. आमचं कनेक्शन अजून वडिलांच्या नावावर आहे. ते २०११ मध्ये गेले. नावबदलाचा अर्ज मी माझ्याच केंद्रातून भरला. तो जोडणीवरची थकबाकी भरल्याच्या पावतीवर अडला आहे.